कुरईच्या घाटात उतरलेला ड्रायव्हर

जागेश्वर हेडाऊला हेवीचं लायसन मिळालं ते चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत. त्या दिवशी तो नागपूरच्या आरटीओ ऑफिसातून सक्करदऱ्याच्या घरापर्यंत पायी आला. सायकल होती, पण ती त्याने हातानं ढकलत आणली. सायकलवर बसलं की दोन्ही हात हँडलला लागतात, आणि लायसन खिशात टाकायला काही त्याचा जीव होईना. वाटेत तीनदा उघडून पाहिलं. फोटोत तो घाबरल्यासारखा दिसत होता, पण नाव बरोबर होतं आणि खाली गोल शिक्का होता.

घरी त्याचा बाप, रामाजी, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. हेडाऊंच्या घरी तीन पिढ्या करवतकाठी लुगडी विणली गेली होती. घरात दोन माग होते. त्यातला एक चार वर्षांपासून बंदच होता आणि जागेश्वरची बायको देवकी त्यावर गोधड्या वाळत टाकायची. पॉवरलूमचं कापड बाजारात आलं, सूत मिळेनासं झालं, आणि एक दिवस रामाजी आपणहून पोराला म्हणाला होता, "तू दुसरं काही पाय, गा. दोघं जण एकाच मागावर नाई बसू शकत." तेव्हापासून जागेश्वर तीन वर्षं कन्हानच्या रेतीच्या गाडीवर क्लीनर होता. गाडी धुता धुता, चाकं बदलता बदलता, रिकाम्या नदीपात्रात मागे-पुढे घेता घेता तो चालवायला शिकला. क्लच आणि ब्रेकचं त्याला कधी अवघड वाटलं नाही. मागावर लहानपणापासून दोन्ही पायांनी वेगवेगळं काम करायची सवय होती.

रामाजीनं धोतराला हात पुसले, लायसन घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"कागद तं लहानसाच हाय गा."

"लहानसाच राहते, बाबा."

"मंग आता कोणती गाडी?"

जागेश्वरपुढे गाड्या तीन होत्या.

पहिली उमरेडची. त्याचा मावसभाऊ लहानू तिकडे कोळशाच्या खाणीवर होता. ठेकेदाराला ड्रायव्हर हवेच होते. खाणीतून कोळसा भरायचा, रेल्वेच्या धक्क्यावर ओतायचा, परत भरायचा. दुसरी गाडी इतवारीतल्या ओमप्रकाश शेठची, लांब पल्ल्याची. रायपूर, जबलपूर, कधी कधी थेट कलकत्ता. तिसरी हिंगण्याच्या कारखान्याची, शेतीचे पंप बनवणारा कारखाना होता तो. शेजारच्या गोपाळरावांनी तिथे शब्द टाकला होता.

उमरेडला तो एकदाच जाऊन आला. लहानूनं प्रेमानं सगळं दाखवलं, जेवू घातलं. पण दिवसभर तोच दीड मैल, तीच धूळ, समोरच्या गाडीचं तेच मागचं फळकं. परतीच्या एसटीत जागेश्वरच्या मनात आलं, हे तर मागावर बसण्यासारखंच झालं, फक्त शेवटी लुगडं निघत नाही.

हिंगण्याला त्याचा अपमान झाला, निदान त्याला तसं वाटलं. कारखान्यातल्या गाड्या वामनराव नावाचे गृहस्थ पाहायचे. पंधरा वर्षं मिल्ट्रीत गाड्या चालवलेले, पांढऱ्या मिशा, खाकी पँट, आणि बोलताना समोरच्याच्या बुटांकडे पाहायची सवय. त्यांनी लायसन पाहिलं आणि परत दिलं.

"सहा महिने सेकंड ड्रायव्हर," ते म्हणाले. "सकाळी सातला यायचं. गाडी खालून-वरून तपासायची, मला सांगायचं. गाडी आवारातच चालवायची. रिव्हर्स घ्यायची. बाहेर जायचं ते मोठ्या ड्रायव्हरच्या बाजूला बसून."

"साहेब, पण मले लायसन भेटलं हाय."

"ते सरकारनं दिलंय. मी अजून दिलेलं नाही."

जागेश्वरनं सायकल काढली. फाटकाबाहेर आल्यावर तिच्या घंटीवर राग काढत गेला.

ओमप्रकाश शेठच्या गादीवर सगळंच उलटं होतं. शेठ मोठा दिलदार माणूस. त्यानं लायसनकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला. "अरे भाई, जवान आदमी है तू. गाडी चलाना सीखना है तो लाइन पे सीख. आवारात फिरून कोणी ड्रायव्हर होते का?" आणि बाहेर उभी असलेली गाडी दाखवली. हिरवी केबिन, समोर पितळी घुंगरं, आत आरशाच्या कडेला प्लास्टिकचे गुलाब. "शिवनीची एक खेप मारून ये. ईश्वरदास बाजूला बसेल. जमलं तर पुढच्या सोमवारपासून रायपूर तुझं."

जागेश्वरनं घरी येऊन देवकीला सांगितलं तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता की ठरलं. देवकी सुताच्या कांड्या भरत होती. चरखा न थांबवता तिनं विचारलं, "रायपूरले किती दिवस लागतात, जी?"

"जाऊन-येऊन चार. कधी पाच."

"अन् तो ईश्वरदास कसा माणूस हाय?"

"वीस वर्षं झाली लाइनवर."

"मी कसा हाय ते इचारलं," देवकी म्हणाली.



ईश्वरदास निघाला शांत माणूस. पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला कमी, पान खायला जास्त. चैत्र लागला होता. गाडीवर दोघंच. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला, मनसर, देवलापार गेलं. चाक जागेश्वरच्या हातात होतं आणि ईश्वरदास खिडकीला डोकं टेकून बसला होता. झोपला म्हणावं तर गिअर चुकला की एक डोळा उघडायचा. किराणा सामानाचं हलकं ओझं होतं. खवासा ओलांडून कुरईचा घाट चढताना जागेश्वरला आयुष्यात पहिल्यांदा आपण मोठे झाल्यासारखं वाटलं. खाली सागाचं जंगल, वर वळणावळणाचा रस्ता, आणि एवढी मोठी गाडी आपल्या पायाचं ऐकते. घाटमाथ्यावर ईश्वरदास एवढंच म्हणाला, "हात बरा हाय तुहा."

शिवनीला सामान उतरवलं, गव्हाची पोती भरली. शिवनीचा गहू नागपूरकरांना जीव की प्राण, आणि हंगाम सुरू झालेला. हमाल चढवतच गेले. फळ्यांच्या वर पोत्यांचे आणखी दोन थर लागले तेव्हा जागेश्वरनं ईश्वरदासकडे पाहिलं. ईश्वरदासनं पानाची पिंक टाकली आणि दुसरीकडे पाहिलं.

पहाटे निघाले. उजाडता उजाडता एका गावाशी बैलगाडी आडवी आली. जागेश्वरनं ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला. सरळ खाली, जणू पायाखाली काहीच नव्हतं. त्यानं सोडून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा ब्रेकनं धरलं. बैलगाडीच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. गाडीवान शिव्या देत निघून गेला.

"काका, ब्रेक खाली जाऊन राहिला."

"हाव. जाते तो."

"जाते म्हणजे?"

"जुना हाय. दोनतीनदा मारायचा, मंग धरते. शेठले सांगतलं हाय."

पुढे मोकळा रस्ता होता. जागेश्वरनं मुद्दाम दोनदा ब्रेक लावून पाहिला. एकदा तिसऱ्या दाबाला धरलं. दुसऱ्यांदा चौथ्या.  घाटाच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला मोकळी जागा होती. तिथे त्यानं गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, उतरून चारही चाकांपुढे दगड लावले.

ईश्वरदास वरूनच म्हणाला, "काहून गा? काय झालं?"

"काका, मी ही गाडी खाली नाई नेत."

"पहिल्या गिअरमधी उतरव. इंजिन धरते."

"गिअर सुटला तं?"

"काहून सुटते?"

"अन् सुटला तं?" जागेश्वरचा आवाज चिरका झाला होता, त्याचा त्यालाच राग आला. "शिवनीहून मिस्त्री बोलावू. दुपारपर्यंत येईल. नाई तं अर्धी पोती इथंच उतरवू."

"दुपारपर्यंत माल इतवारीत पायजे. शेठनं जबान देली हाय." ईश्वरदास खाली आला, गाडीला एक चक्कर मारली, चाकाला उगाच लाथ मारून पाहिली. चिडला नाही. "बरं. तू सरक. मी नेतो."

जागेश्वर सरकला नाही. केबिनमधून आपली पिशवी घेतली आणि रस्त्यावर उभा राहिला. "मी यात बसत पण नाई, काका. तुमी पण नका नेऊ. तुमाले पाया पडतो."

ईश्वरदासनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दगड बाजूला केले, वर चढला आणि गाडी घाटाकडे वळवली. पहिल्या गिअरमध्ये इंजिन रडल्यासारखं ओरडत होतं. पहिल्या वळणाआड ती दिसेनाशी झाली, मग आवाजही कमी होत गेला.

जागेश्वर चालू लागला. मैलामागून मैल उतार होता. प्रत्येक वळणावर तो आधी दरीकडे पाहायचा, मग रस्त्याकडे. कठडा कुठे तुटलेला नाही ना, झाडं कुठे मोडलेली नाहीत ना. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, गाडी पडली असेल. दुसरा म्हणत होता, पडली नसेल, तर तू जन्माचा भेकड ठरलास. आणि कोणतं खरं व्हावं, हे मनातल्या मनातसुद्धा उच्चारायची त्याला भीती वाटत होती.

झाडांखाली बायका मोहफुलं वेचत होत्या. त्यातली एक म्हातारी टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला आली.

"मोटर तो नीचे गई," ती म्हणाली. "तुम काहे पैदल?"

कुणास ठाऊक कसं, पण त्याच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "डर गया, माय."

"अच्छा," म्हातारी म्हणाली, जसं कुणी तहान लागली म्हणाल्यावर म्हणावं. टोपलीतून ओंजळभर फुलं काढून त्याच्या हातात दिली. "खाओ. ताजा है."

मोहाची फुलं चघळत जागेश्वर घाट उतरला. भीती होतीच, पण एकदा बोलून टाकल्यावर ती जरा बाजूला होऊन चालायला लागली.

गाडी घाटाच्या पायथ्याशी एका मोठ्या झाडाखाली उभी होती. सगळी धड. चाकांतून जळका वास येत होता. ईश्वरदास मैलाच्या दगडावर बसला होता, तोंडात पान नाही.

जागेश्वर समोर जाऊन उभा राहिला. "उतरली ना, काका. मीच भेलो."

ईश्वरदासनं मागच्या चाकाकडे बोट केलं.  "चौथ्या वळणावर ट्रक आला समोरून. ब्रेक पाच डाव मारला मी. मंग धरलं." तो दगडावरून उठला नाही. "पहिल्या साली मी पण असाच थांबलो असतो, तं बरं झालं असतं. आता मले नाई म्हणता येत नाई, पोरा. सवयच गेली."

 मग जागेश्वर म्हणाला, "सपाटीवर मी नेतो." ईश्वरदासनं मान डोलावली. खवाश्यापासून नागपूरपर्यंत जागेश्वरनं गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली, समोरच्या वाहनापासून फर्लांगभर मागे राहून. इतवारीत पोचायला दुपार टळली.

ओमप्रकाश शेठ रागावला नाही. हीच तर पंचाईत होती. सगळं ऐकून तो पोट धरून हसला. "अरे, पहिले टाइम सबको होता है. दोन खेपा मार, भीती निघून जाईल. सोमवारी रायपूर. ठीक?" जागेश्वरनं ब्रेकचं काढलं तेव्हा शेठ म्हणाला, "करवून घेऊ ना, करवून घेऊ." या वेळी मात्र ईश्वरदासनं दुसरीकडे पाहिलं नाही. त्यानं गादीवरून किल्ली उचलली आणि म्हणाला, "गाडी मी गॅरेजले लावून राहिलो. दोन दिवस नाई मिळणार." शेठचं हसणं अर्धं तोंडातच राहिलं. वीस वर्षांत त्यानं या माणसाच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर जागेश्वरनं बापाला आणि देवकीला सगळं सांगितलं, मोहफुलांसकट. रामाजी ऐकता ऐकता विणत होता. सांगणं संपलं तेव्हा त्यानं धोटा बाजूला ठेवला.

"धागा तुटला तं आपण माग थांबवतो का नाई?"

"थांबवतो."

"लाज वाटते का?"

"नाई, बाबा. पण मागावरून कोणी दरीत नाई पडत."

"मंग तं जास्तच थांबवा लागते," रामाजी म्हणाला आणि पुन्हा धोटा उचलला.

देवकीनं रात्रीच्या भाकरी थापता थापता एकच गोष्ट विचारली. "गाडी थांबोली तवा तुमच्या मनात कोण होतं? मी होती का?"

जागेश्वरनं जरा विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या दिवशी खरं बोलायची लयच लागली होती. "नाई वं. कोणीच नोहतं. नुसतं पायाखालचं पायडल होतं."

देवकी हसली. "बरं झालं. माह्या नावानं थांबले असते तं उद्या माह्याच नावानं पस्तावले असते."

सोमवार यायला चार दिवस होते. चार दिवस त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. तलावाच्या काठानं फिरला. शेठच्या गाडीची घुंगरं आठवायची, घाट चढतानाचं ते मोठं झाल्यासारखं वाटणं आठवायचं, आणि खरं सांगायचं तर ते सोडवत नव्हतं. गाडी आता दुरुस्तही झाली होती. पण पुढच्या वर्षी दुसरं काही जुनं होईल, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं, आणि दरवेळी आपल्याला एकट्यानं घाटाच्या तोंडाशी उभं राहून भांडावं लागेल. किती वेळा भांडणार? पाचव्या-सहाव्या वेळी आपणही पान खाऊन दुसरीकडे पाहू. त्याला दरीची भीती वाटली नाही इतकी त्या दिवसाची वाटली.

सोमवारी सकाळी तो इतवारीत गेला, शेठच्या पाया पडला आणि नाही म्हणाला. शेठला खरंच वाईट वाटलं. त्यानं पुन्हा चहा पाजला. तिथून जागेश्वर थेट हिंगण्याला.

वामनराव गाडीखाली वाकून काहीतरी पाहत होते. "दीड महिन्यानं आलास," ते खालूनच म्हणाले. "मला वाटलं, लाइनवर गेला असशील."

"गेलो होतो, साहेब." आणि नोकरी हातची गेली तर जाऊ दे म्हणून जागेश्वरनं कुरईच्या घाटाचं सगळं सांगून टाकलं, पायी उतरल्याचंही.

वामनराव बाहेर आले. हात पुसत बराच वेळ त्याच्या बुटांकडे पाहत राहिले. "आणि तो दुसरा ड्रायव्हर नसता तर काय केलं असतंस?"

"तिथंच बसलो असतो, साहेब. दुसरी गाडी येईपर्यंत."

"माकडांनी गहू खाल्ला असता."

"खाल्ला असता."

वामनरावांच्या मिशा किंचित हलल्या. शाबासकी वगैरे काही नाही. बाजूच्या खोक्यातून त्यांनी एक फडकं उचलून त्याच्या हातात दिलं. "त्या निळ्या गाडीच्या मागच्या चाकापासून सुरू कर. काय दिसतं ते सांग."

सहा महिने त्यानं आवारात रिव्हर्स घेतले. भिंतीला खडूनं रेघ मारून वामनराव म्हणायचे, रेघेपासून वीतभर. दोन वीत झाली की पुन्हा. कामगारांच्या पाळ्या सुटायच्या, सायकली, मोटारसायकली, कंपनीची बस, सगळे जाता जाता पाहायचे आणि कुणीतरी हमखास ओरडायचं, "अरे, अजून पहिलीतच हाय का बे हा?" पहिल्या महिन्यात त्याला रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्या महिन्यात तो उलटून ओरडायला लागला, "नापास झालो, भाऊ!" पाचव्या महिन्यात इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या गाडीला काय दुखतं ते त्याला बसल्या जागी कळू लागलं, आणि एकदा वामनरावांनीच त्याला हाक मारून विचारलं, "हेडाऊ, हिचं काय म्हणणं आहे रे?"

ईश्वरदास पुढेही शेठच्याच गाडीवर राहिला. त्याच्या हातून कधी अपघात झाला नाही. वर्षातून एखाददा सक्करदऱ्यावरून जाताना तो थांबायचा, देवकीच्या हातचा चहा प्यायचा. घाटाचा विषय दोघांनी पुन्हा कधी काढला नाही. मात्र शेठच्या गाड्या आता खेपेआधी गॅरेजला जाऊन येतात, एवढं त्यानं एकदा सहज सांगितलं.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी वामनरावांनी जागेश्वरच्या हातात किल्ली आणि चलान दिलं. उमरेडच्या दुकानात पंप पोचवायचे होते, बावीस नग. बाजूला कुणी नव्हतं. फाटकातून गाडी बाहेर काढताना त्याला वाटलं, आता वामनराव ओरडतील. ते ओरडले नाहीत. पाठ फिरवून आत गेले होते.

उमरेडचा रस्ता सक्करदऱ्यावरून जातो. वस्तीला कुणी सांगितलं कोण जाणे, पण चौकात अर्धी गल्ली उभी होती. रामाजी माग सोडून आला होता, अंगात नुसती बंडी, खांद्याला सुताचे धागे चिकटलेले. देवकी मागे, डोक्यावरचा पदर दातात धरून. कंपनीचा नियम होता, वाटेत थांबायचं नाही, कुणाला बसवायचं नाही. जागेश्वरनं गाडी हळू केली आणि बापाकडे पाहून मान हलवली. रामाजीनं हात वर केला. तो हात आरशात बराच वेळ वरच दिसत राहिला.

पुढे वस्ती संपली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, ज्वारी कंबरेएवढी आली होती. गाडी एका चालीत चालली होती आणि जागेश्वर मोठ्यानं काहीतरी गुणगुणत होता, सूर कशाचाच लागत नव्हता.

उमरेडला दुकानदारानं पंप मोजून घेतले, चलानावर सही केली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"नवीन दिसता. नेहमीचे ड्रायव्हर कुठं गेले?"

"त्यायले चंद्रपूरची लाइन देली," जागेश्वर म्हणाला. "इकडं आता मीच येत जाईन."

"बरं, बरं. बसा मग. चहा सांगतो."

जागेश्वर बाकावर बसला, आणि समोर सावलीत उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहत चहाची वाट पाहू लागला.